इमिटेशन ऑफ लाइफ (१९५९) : आईने केलेली आयाची भूमिका

निळीशाई

गेल्या रविवारी दुपारी सासूबाईंबरोबर 'इमिटेशन ऑफ लाइफ' हा हॉलिवूडचा जुना सिनेमा पुन्हा पाहिला. माझी चौथी वेळ, त्यांची पहिली. त्यांना इंग्रजी कळत नाही म्हणून मी मधेमधे थांबवून सांगत होते. त्या मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या, एका ताटात डाळिंब्या, एका वाटीत सालं. पहिला तासभर हात काही थांबले नाहीत. "बाई दिसायला छान आहे, पण सारखी आरशात काय बघते?" एवढंच म्हणाल्या. मग एक प्रसंग आला आणि मी सांगायच्या आत त्यांचे हात थांबले. त्या प्रसंगाबद्दलच मला लिहायचंय. शेवटासकट सगळं येणार आहे, तेव्हा ज्यांना कोऱ्या मनाने पाहायचाय त्यांनी आधी पाहून या.

गोष्ट थोडक्यात. १९४७ साल, न्यूयॉर्कचा कोनी आयलंड किनारा. लोरा मेरेडिथ (लाना टर्नर) ही तरुण विधवा नाटकात काम मिळवायला धडपडतेय. तिची लहानगी सूझी गर्दीत हरवते आणि सापडते ॲनी जॉन्सनपाशी (हुआनिता मूर). ॲनी काळी आहे आणि तिच्याबरोबर एक गोरी दिसणारी मुलगी आहे, सारा जेन. लोराला वाटतं, ही त्या मुलीला सांभाळणारी बाई. ॲनी सांगते, पोर माझीच. बाप जवळजवळ गोराच होता, हिच्या जन्माआधीच निघून गेला. या मायलेकींना राहायला जागा नाही. लोरा एका रात्रीपुरतं घरी नेते आणि ॲनी तिथलीच होऊन जाते. स्वयंपाक, धुणं, दोन्ही मुलींचं करणं, सगळं अंगावर घेते. पुढे लोरा ब्रॉडवेची मोठी नटी होते, मोठ्या घरात राहायला जाते, ॲनी तिथेही स्वयंपाकघरातच. आणि सारा जेन वाढते ती एकच ध्यास घेऊन, आपण गोरं म्हणून जगायचं आणि आपली आई कोण हे कुणाला कळू द्यायचं नाही.

शाळेतला प्रसंग आठवा. बर्फाच्या दिवशी ॲनी वर्गाच्या दारात येऊन मुलीची चौकशी करते. बाई म्हणतात, माझ्या वर्गात काळी मुलगी नाही. सारा जेन पुस्तकाआड तोंड लपवते आणि मग उठून बाहेर बर्फात पळत सुटते. "तूच का माझी आई व्हायला हवं होतंस?" हे ती विचारते ते या वयात.

आता तो प्रसंग. सारा जेन मोठी झालीय (सुझन कोनर). न्यूयॉर्कच्या एका क्लबात गाते, घरी सांगितलंय की वाचनालयात नोकरी लागली. आई तिथे पोचते आणि पोरीचं काम जातं. मग ती थेट हॉलिवूडला निघून जाते, मूलाँ रूज नावाच्या ठिकाणी नाचणाऱ्या मुलींच्या ताफ्यात, 'लिंडा' या नावाने. ॲनी आता आजारी आहे, तरी इतक्या लांब तिच्या खोलीवर जाते. न्यायला नाही, भांडायलाही नाही. लहानपणी घ्यायची तसं एकदा जवळ घ्यायचंय, एवढंच मागते. तेवढ्यात बरोबर नाचणारी मैत्रीण आत येते आणि ॲनीला तिथली नवी मोलकरीण समजते.

आणि ॲनी क्षणात भूमिका घेते. आवाज बदलतो, उभं राहणं बदलतं. सांगते, इकडे आले होते, म्हटलं मिस लिंडांना भेटून जावं, त्या लहान असताना मी त्यांना सांभाळायचे. निरोप घेते आणि जाते. मैत्रीण मजेत म्हणते, अच्छा, म्हणजे तुला आया होती तर! सारा जेन रडत म्हणते, "हो. आयुष्यभर."

हा सिनेमा एका नटीचा. पण लोरा रंगमंचावर काय करते ते आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. टाळ्या दिसतात, फुलं दिसतात, पडदा पडल्यावरचं वाकणं दिसतं. संपूर्ण दिसते ती एकच भूमिका, ॲनीची. तालीम नाही, चार वाक्यं, समोर प्रेक्षक म्हणून एक परकी मुलगी. आपल्या लेकीचं खोटं सांभाळायला आईने स्वतःलाच पुसून टाकलं.

मी सासूबाईंना 'मिस लिंडा' म्हणजे काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हिने पोटच्या पोरीला बाईसाहेब केलं गं." ताट तसंच मांडीवर राहिलं.

तुम्ही पाहिलाय का? आणि तुम्हालाही तो प्रसंग तसाच लागला का?

तळ्यातमळ्यात

पाहिलाय, पण फार पूर्वी. मला लाना टर्नरबद्दल थोडं सांगायचंय, कारण त्याशिवाय हा सिनेमा त्या वेळी एवढा का चालला ते कळत नाही.

४ एप्रिल १९५८ च्या रात्री लानाच्या बेव्हर्ली हिल्सच्या घरी तिचा मित्र जॉनी स्टॉम्पानाटो सुरीच्या वाराने मेला. वार केला होता लानाच्या चौदा वर्षांच्या मुलीने, शेरिलने. तो आईला धमकावत होता आणि मुलगी मधे पडली. चौकशीत लाना साक्षीला उभी राहिली आणि मृत्यू समर्थनीय ठरला. सगळ्या अमेरिकेने ते वर्तमानपत्रांत वाचलं होतं. आणि वर्षभराच्या आत तीच बाई पडद्यावर अशा नटीच्या भूमिकेत, जिला कामापायी मुलीकडे बघायला वेळ नाही! सूझी एका जागी आईला सुनावते की तू सगळं दिलंस पण स्वतः कधी नव्हतीस. प्रेक्षकांना त्यात लाना आणि शेरिल दिसणारच होत्या. लानाने मानधन कमी घेऊन नफ्यात वाटा मागितला होता, आणि तो तिला भरपूर मिळाला.

मला तिचं इथे कौतुकच वाटतं. स्वतःची जखम एवढी ताजी असताना ही भूमिका घेणं सोपं नव्हतं.

अवधूत_सा

निळीशाई, तुमचा प्रसंग मान्य. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण बाकीचा सिनेमा मला फार खटकतो. लोरा आणि तो छायाचित्रकार स्टीव्ह यांचं प्रेम म्हणजे शोभेच्या फुलदाण्या. स्टीव्ह झालेला जॉन गॅव्हिन देखणा आहे, पण त्याच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. लोराचे कपडे, दागिने, घर, सगळं काचेच्या कपाटातल्यासारखं. दोन तासांतला सव्वा तास त्यात जातो, आणि खरी गोष्ट मागच्या दाराने ये-जा करते.

मूळ कादंबरी फॅनी हर्स्टची, १९३३ची. तिच्यात नायिका नटी नाहीच, ती स्वतःचा व्यवसाय उभारणारी बाई आहे. १९३४ साली जॉन स्टालने पहिला सिनेमा केला, क्लॉडेट कोल्बेर आणि लुईस बीव्हर्सला घेऊन. तिथे काळ्या बाईच्या हातचा पॅनकेक असतो, तिची घरची कृती. गोरी बाई तिच्यावर कंपनी उभारते, डब्यावर काळ्या बाईचा हसरा चेहरा छापते आणि श्रीमंत होते. कुणाच्या घामावर कुणाचा बंगला, हे त्यात लख्ख दिसतं. १९५९ मध्ये नायिकेला नटी केल्यावर तो हिशेबच गेला. लोरा स्वतःच्या गुणांवर मोठी झाली असं वाटत राहतं. मला हा बदल पटत नाही.

निळीशाई

अवधूत, १९३४चा पॅनकेकचा मुद्दा बरोबर आहे, तो हिशेब त्यात जास्त उघड आहे. पण १९५९ मध्ये तो गेला असं मी नाही म्हणणार, तो घरात शिरला. लोरा नाटकाच्या तालमीला जाऊ शकते कारण घरी ॲनी आहे. पहिल्या दिवसांत तर पगार द्यायलाही पैसे नसतात.

आणि एक संवाद आहे. ॲनी स्वतःच्या अंत्ययात्रेबद्दल बोलत असते, कोण कोण येईल ते. लोरा चकित होऊन म्हणते, तुझी एवढी ओळखीपाळखीची माणसं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. ॲनी शांतपणे म्हणते, मिस लोरा, तुम्ही कधी विचारलंच नाहीत. दहा-अकरा वर्षं एका छताखाली राहून! हे ॲनी रागाने म्हणत नाही, हसून म्हणते, म्हणून जास्त टोचतं. तुम्हाला लोराचं सगळं काचेच्या कपाटातलं वाटतं ना, ते मला मुद्दाम केलेलं वाटतं. सुरुवातीला नावं येतात तेव्हा बघा, वरून चकाकणारे हिरे पडत राहतात आणि पडदा भरत जातो. तेव्हाच मनात येतं, हे खरे नसणार.

कोरा_कागद

धागा आवडला. मला सारा जेनच्या बाजूने बोलायचंय, कारण आत्तापर्यंत सगळे आईसाठी रडतायत.

ती गोरी म्हणून खपून जायला बघते, हा नुसता पोरकट हट्ट नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचा १९२४चा कायदा घ्या. अंगात काळ्या रक्ताचा मागमूस असला तरी माणूस गोरा नाही, असा त्याचा अर्थ होता. गोऱ्या आणि काळ्याने लग्न करणं गुन्हा. हे कायदे सुप्रीम कोर्टाने रद्द केले १९६७ साली, म्हणजे हा सिनेमा आल्यावर आठ वर्षांनी, आणि तेव्हाही सोळा राज्यांत ते होतेच. सारा जेनला जे हवंय ते सूझीला न मागता मिळतं: चांगली शाळा, नोकरी, आवडलेला मुलगा. तिचा मित्र फ्रँकी तिला गल्लीत गाठून आईबद्दल विचारतो आणि मग मारतो, तो प्रसंग विसरू नका. आधी आपल्याला दुकानाच्या काचेतलं दोघांचं प्रतिबिंब दिसतं. ती खोटं बोलली म्हणून तो मारत नाही, ती कोण आहे म्हणून मारतो.

आणि ती ट्रे घेऊन येते तो प्रसंग! लोराकडे पाहुणे आलेत, आईने तिला ट्रे आत न्यायला सांगितलंय. ती तो डोक्यावर घेऊन, दक्षिणेकडच्या गुलामांच्या बोलीत बोलत, कंबर हलवत येते. म्हणते, हे मी माझ्या आईकडून शिकले, ती तुमची होण्याआधी तिच्या जुन्या मालकाकडून शिकली. ती इथे नटीच आहे, आणि घरातल्या त्या मोठ्या नटीपेक्षा धारदार. लोराला त्यात फक्त उद्धटपणा दिसतो.

आता कलाकारांचं. १९३४ मध्ये या मुलीची भूमिका फ्रेडी वॉशिंग्टनने केली होती, ती स्वतः काळ्या समाजातली, दिसायला गोरी, डोळे हिरवट. आधीच्या 'द एम्परर जोन्स' या सिनेमात पॉल रोबसन या काळ्या नटासमोर ती गोरी दिसू नये म्हणून तिला काळा रंग फासला होता. गोरी म्हणून काम मिळवणं तिला सहज जमलं असतं, तिने ते ठामपणे नाकारलं. १९३७ मध्ये काळ्या कलाकारांची संघटना उभी करण्यात तिचा पुढाकार होता. १९५९ मध्ये मात्र तीच भूमिका सुझन कोनरला. तिची आई मेक्सिकोची नटी लुपिता तोवार, वडील ज्यू. ती उत्तम करते, तिला आणि हुआनिता मूरला दोघींनाही सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. पण गोरं दिसायची शिक्षा भोगणाऱ्या काळ्या मुलीच्या भूमिकेला काळी मुलगी का नको, याचं उत्तर मला तरी एकच सुचतं. पडद्यावर तिला गोऱ्या मुलाच्या मिठीत दाखवायचं होतं. अशा मिठीवर हॉलिवूडच्या नियमावलीत १९५६ पर्यंत बंदीच होती.

चौपाटीची_भेळ

कोरा_कागद, 'खपून जाणं' वाचलं आणि मला मर्ल ओबेरॉन आठवली. ही गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मर्ल ओबेरॉन म्हणजे १९३९च्या 'वुदरिंग हाइट्स' मधली कॅथी, लॉरेन्स ऑलिव्हिएसमोरची. तिच्या स्टुडिओने जगाला सांगितलं की ती टास्मानियात जन्मली, चांगल्या घरातली, कागदपत्रं जळून गेली. खरं म्हणजे ती १९ फेब्रुवारी १९११ला मुंबईत जन्मली, नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन. घरात तिला क्वीनी म्हणत. पुढे कलकत्त्यात वाढली, ला मार्टिनियर शाळेत शिकली, १९२८च्या सुमारास इंग्लंडला गेली. तिथे निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाने तिला १९३३च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' मध्ये घेतलं आणि तिचं नाव झालं.

तिला वाढवलं शार्लट सेल्बीने. शार्लट मूळची सिलोनची, रंगाने सावळी. मर्ल तिला आई समजायची, पण ती आजी होती. जन्म दिला होता शार्लटच्या कोवळ्या वयाच्या मुलीने, कॉन्स्टन्सने, आणि तिला मर्ल बहीण समजत राहिली. इंग्लंडात शार्लट मर्लबरोबर राहायची. पाहुणे आले की ती मोलकरीण. मर्लवर लिहिणारे बरेच जण हे लिहितात. १९३७ मध्ये शार्लट गेली.

निळीशाई, तुमचा प्रसंग वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ही म्हातारी होती. सिनेमात ते चार वाक्यांचं आहे, हिने ते वर्षानुवर्षं केलं.

आणि मर्लनेही का लपवलं ते बघा. १९२३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगितलं की भारतीय माणूस गोरा नव्हे, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. तो दरवाजा उघडला १९४६ मध्ये. ही हॉलिवूडला आली तिशीच्या दशकात. मिश्र वंशाची म्हणून कळलं असतं तर नायिकेचं कामच मिळालं नसतं, कारण नायक सगळे गोरे.

एक योगायोग. १९३५च्या 'द डार्क एंजल' साठी मर्लला प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. त्या वर्षी बक्षीस नेलं बेट डेव्हिसने, 'डेंजरस' साठी. भूमिका कोणती, तर लपवलेला नवरा असलेल्या नटीची! २०२३ मध्ये मिशेल योला तेच बक्षीस मिळालं तेव्हा मर्लचं नाव पुन्हा सगळीकडे आलं, की या यादीत आशियातली पहिली ती होती, फक्त सांगू शकली नव्हती. १९७८ मध्ये टास्मानियाच्या होबार्टमध्ये तिचा नागरी स्वागतसमारंभ ठेवला होता. ज्या गावाची आपण नाहीच त्या गावाने माहेरवाशीण म्हणून बोलावलं, आणि ही गेली. पुढच्याच वर्षी वारली.

अवधूत_सा

चौपाटीची_भेळ, हे मला अजिबात माहीत नव्हतं. 'वुदरिंग हाइट्स' कॉलेजात असताना पाहिला होता. तिच्या चेहऱ्यावरचा तो प्रकाश लक्षात राहिलाय.

चौपाटीची_भेळ

प्रकाशाची वेगळी कथा आहे. १९३७ मध्ये लंडनला मोटार अपघात झाला, चेहऱ्यावर व्रण राहिले. छायाचित्रकार लुसियन बॅलार्डने कॅमेऱ्याला चिकटून बसणारा एक छोटा दिवा तिच्यासाठी केला, समोरून सरळ प्रकाश पडला की व्रण दिसेनासे व्हायचे. त्या दिव्याला आजही 'ओबी' म्हणतात, तिच्या नावावरून. पुढे दोघांनी लग्न केलं.

रानजाई

तीन दिवस हा धागा वाचतेय. लिहू की नको चाललं होतं.

मी सातवीत असताना वडील घर सोडून गेले. आई घरोघरी पोळ्या करायची, आणि सणासमारंभाला एका केटररकडे पुऱ्या लाटायला जायची. शाळा चांगली होती, फी माफ होती. मी वर्गात सांगितलं होतं की आई नोकरी करते. कुठे ते सांगायची वेळ कधी आली नाही.

आठवीत एका मैत्रिणीच्या घरी तिच्या भावाची मुंज होती. आम्ही पाच-सहा जणी गेलो. पंगत बसली, आणि वाढायला आली ती माझी आई. तिला माहीत नव्हतं मी येणार आहे, मला माहीत नव्हतं ती तिथे आहे. हिरवी नऊवारी नव्हे, साधी फिकट पाचवारी, पदर खोचलेला, हातात पुऱ्यांचं ताट. मी खाली बघितलं. शेजारच्या मुलीने विचारलं, "ओळखतेस का गं? तुझ्याकडे बघतायत." मी म्हटलं, "आमच्या चाळीत राहतात."

आईने ऐकलं. ती माझ्यासमोर आली, वाकली आणि म्हणाली, "ताई, तुम्हाला अजून एक वाढू?"

तुम्हाला. माझ्या जन्मात तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी मान हलवली, तिने पुरी वाढली आणि पुढच्या पानावर गेली. घरी आल्यावर ती या विषयावर एक शब्द बोलली नाही. रात्री माझ्या केसांना तेल लावलं, रोजच्यासारखं.

ती जाऊन आता अकरा वर्षं झाली. मी माफी मागितली होती, बऱ्याच उशिरा, माझ्या मुलीच्या बारशाच्या दिवशी. ती म्हणाली, "मला आठवतही नाही." तिला आठवत होतं.

निळीशाई, तुमच्या सासूबाई 'बाईसाहेब केलं' म्हणाल्या तिथे मी फोन खाली ठेवला.

तळ्यातमळ्यात

रानजाई ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

कोरा_कागद

रानजाई, मी वर सारा जेनची बाजू घेतली ती कायदे आणि नियमावल्यांच्या आधाराने. तुम्ही जे लिहिलंत ते वाचल्यावर कळलं की तिची बाजू घेणं म्हणजे आईची बाजू सोडणं नव्हे. आठवीतल्या मुलीला तेवढंच सुचतं.

ओसरी

उशिरा आलो. मला हे वाचताना बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आठवत राहिली. संग्रह १९६३चा, म्हणजे हा सिनेमा आणि ती कथा जवळजवळ एकाच काळातली. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि कळल्यावर त्याला मार पडतो. फ्रँकीचा प्रसंग वाचताना तीच कथा समोर उभी राहते.

पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. बागुलांच्या कथेत बोलणारा स्वतः तोच आहे, चोरी कुणी करायला लावली ते तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. सारा जेनला ते बोलायला मिळत नाही. तिला सिनेमा शेवटी आईच्या शवपेटीवर पडून "मी आईला मारलं" असं म्हणायला लावतो. गोरा समाज गाडीत बसून रुमालाने डोळे पुसतो आणि अपराध तिच्या माथी. हे मला बोचतं. माझ्या वडिलांनी शहरात आल्यावर आडनाव बदललं होतं. गावचं नाव लावलं. आजोबांनी त्यांना कधी दोष दिला नाही. भाड्याची खोली मिळायची होती.

निळीशाई

ओसरी, शेवटाबद्दल मीही अडखळते. अंत्ययात्रा भव्य आहे, चार पांढरे घोडे, बँड, माहालिया जॅक्सन या काळ्या गायिकेचं गाणं, रस्त्याच्या दुतर्फा माणसं. ॲनीने आयुष्यभर पैसे साठवून स्वतःसाठी मागितलेली तेवढी एकच गोष्ट. माहालिया गाते तेव्हा मला वाटतं, काळ्या समाजाचं एवढं मोठं जग लोराच्या घराबाहेर होतं आणि सिनेमाने ते पहिल्यांदाच दाखवलं, ॲनी गेल्यावर. पण दोष सारा जेनवर येतो हे खरंच.

पाणवठा

दिग्दर्शकाचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. डग्लस सर्क म्हणजे मूळचा डेटलेफ झीर्क, हॅम्बुर्गचा. जर्मनीत नाटकं आणि सिनेमे करायचा. पहिली बायको नाझी पक्षात गेली, दुसरी ज्यू होती. पहिलीने मुलाला, क्लाउसला, बापाला भेटू दिलं नाही. तो मुलगा जर्मन सिनेमात बालकलाकार झाला. बापाला त्याला बघायचं तर एकच वाट होती, थिएटरात जाऊन पडद्यावर बघणं. १९३७ मध्ये सर्क देश सोडून गेला. १९४४ मध्ये क्लाउस पूर्व आघाडीवर मारला गेला, विशीही उलटली नव्हती.

आता ॲनी क्लबात जाते ते प्रसंग पुन्हा बघा. ती मागे उभी राहून स्टेजवरच्या पोरीला बघते. हाक मारायची सोय नाही. माझ्या मते ही गोष्ट तो माणूस अंगावर घेऊन करत होता. 'इमिटेशन ऑफ लाइफ' हा त्याचा हॉलिवूडमधला शेवटचा सिनेमा. त्यानंतर तो अमेरिका सोडून स्वित्झर्लंडला गेला तो १९८७ मध्ये वारेपर्यंत तिकडेच.

टीकाकारांनी तेव्हा याला रडूबाई सिनेमा म्हणून बाजूला सारलं होतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या यादीत घेतला. १९३४चा त्याआधीच, २००५ मध्ये.

अवधूत_सा

पाणवठा, हे वाचल्यावर काल रात्री पुन्हा पाहिला. लोराचा भाग अजूनही मला लांबच वाटतो. पण हुआनिता मूरकडे या वेळी नीट लक्ष दिलं. ती जवळजवळ प्रत्येक प्रसंगात काहीतरी करत असते, घडी घालते, उचलते, पुसते. स्वस्थ बसलेली अशी अगदी थोड्या वेळा दिसते. सहाय्यक अभिनेत्रीसाठी नामांकन मिळालेली ती तिसरी काळी नटी, हॅटी मॅकडॅनियल आणि एथेल वॉटर्सनंतर. १ जानेवारी २०१४ ला गेली, नव्व्याण्णव वर्षांची होती. एवढं चांगलं काम करूनही पुढे तिच्या वाट्याला मोठ्या भूमिका आल्या नाहीत.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाई, तुमचं लिहिणं मी सासूबाईंना वाचून दाखवलं, चालेल ना? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तो भाग परत लाव.

लावला. या वेळी मी काहीच सांगितलं नाही. मायलेकींची मिठी, ॲनीचं जाणं. तिथे एक गोष्ट मला चार वेळा पाहूनही दिसली नव्हती, सासूबाईंना दिसली, कदाचित त्यांना शब्द ऐकायचे नसतात म्हणून. "थांबव," म्हणाल्या, "तिचं तोंड बघ." मागे घेऊन पाहिलं. सारा जेनचे ओठ हलतात. 'ममा'. आवाज नाही.